अडाणी, अंगठेबहाद्दर आणि आपण शहाणे

सॉफ्टवेअरवाल्यांचा एक जुना विनोद आहे. युजरचा फोन येतो, अमुक चालत नाहीये म्हणून. सपोर्टवाला सगळं ऐकून घेतो आणि तिकिटावर कारण लिहितो, 'आयडी-टेन-टी एरर'. युजरला वाटतं, असेल काहीतरी तांत्रिक भानगड. रोमन अक्षरं आणि आकडे सलग लिहून बघितले की कळतं, ते 'इडियट' आहे. याच पंगतीतला दुसरा विनोद म्हणजे 'प्रॉब्लेम खुर्ची आणि कीबोर्डच्या मध्ये आहे'. आणि या सगळ्यांचा आजोबा म्हणजे 'यूजर'च्या आधी एक 'ल' लावून केलेला 'लूजर'. तो १९७० च्या दशकात एमआयटीत जन्मला आणि अजून ठणठणीत आहे.

विनोद म्हणून हसू येतं, नाही कशाला म्हणू? पण यात अपमान आहे का, असं विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं. "अरे, इतकं काय मनाला लावून घेतोस? बोलायची पद्धत असते ती. ज्याला बोललो त्याला कळलं पण नाही." हा लेख त्या उत्तरावर आहे. कारण माझ्या मते गोची त्या उत्तरातच आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना शेवटपर्यंत थांबावं लागणार नाही :) या विषयातलं ज्याला कळत नाही त्याला आपण सहज जी नावं ठेवतो, त्यांतली बरीचशी अपमानकारकच असतात. शब्द असभ्य आहे म्हणून नव्हे, तर तो शब्द उच्चारला की समोरच्याचं ऐकायची जबाबदारी संपते म्हणून. 'युजर अडाणी आहे' या वाक्यानंतर कुणीही 'मग तो नक्की काय म्हणत होता?' असं विचारत नाही. फाइल बंद.

आपल्या मराठीत तर या नावांची कोठी भरलेली आहे. अडाणी, अंगठेबहाद्दर, गावंढळ, ढ, ऐरागैरा, लिंबूटिंबू. त्यात इंग्रजीतून आलेले लेमॅन, नॉन-टेक, डमी, न्यूबी. पण ही सगळी एका माळेची नाहीत. 'कच्चं लिंबू' घ्या. गल्लीतल्या खेळात धाकट्या भावंडाला कच्चं लिंबू म्हणतात. ते आउट झालं तरी आउट धरत नाहीत. ऐकायला हिणवल्यासारखं वाटतं, पण त्या नावामुळेच ते पोरगं खेळात येतं, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच्यावरही राज्य येतं. म्हणजे या नावाला एक्स्पायरी डेट आहे. 'नवशिका'लाही आहे. 'अडाणी'ला नाही. वीस वर्षं द्राक्षं निर्यात करणारा बागाईतदारही शहरातल्या माणसाच्या तोंडी अडाणीच राहतो, का तर इंग्रजी अडखळत बोलतो.

किंवा 'डमी' घ्या. १९९१ मध्ये 'डॉस फॉर डमीज' हे पुस्तक आलं आणि पुढे त्या नावाची भलीमोठी मालिका झाली. लोकांनी पदरचे पैसे देऊन स्वतःला डमी म्हणवून घेतलं. मग तो अपमान का नाही? कारण ते लेबल त्यांनी स्वतः उचललं, शिकण्यापुरतं वापरलं आणि पुस्तक संपल्यावर काढून ठेवलं. तेच लेबल तुमच्या मॅनेजरनं भर मीटिंगमध्ये तुमच्या कपाळावर चिकटवलं, तर चालेल का?

तेव्हा माझ्या दोन कसोट्या अशा. पहिली, हे नाव माणसाला काय येत नाही ते सांगतं, की माणूस काय आहे ते? 'तुला एसक्यूएल येत नाही' ही माहिती झाली. 'तू नॉन-टेक आहेस' ही जात झाली. दुसरी, हे नाव कधी पुसलं जातं का? या दोन्हींवर जे नाव नापास, ते अपमानकारक. मग ते कितीही लाडानं म्हटलेलं असो.

यावर कुणी म्हणेल, मराठी परंपरेतच मूर्खांची यादी आहे. आहे ना! दासबोधाच्या दुसऱ्या दशकात पहिला समास मूर्खलक्षणांचा आहे. पण त्याच दशकाचा दहावा समास पढतमूर्खाच्या लक्षणांचा आहे, हे आपण सोयीस्कर विसरतो. आमच्या नाशिकला टाकळीत समर्थांनी बारा वर्षं तप केलं असं परंपरा सांगते, म्हणून हक्कानं सांगतो. त्या याद्या वागण्याच्या आहेत. कोण कुठल्या गावचा आणि किती शिकलेला, यावर त्या बेतलेल्या नाहीत. वाचणाऱ्यानं आधी स्वतःला त्यात शोधावं अशी ती रचना आहे. आपण पहिली यादी दुसऱ्याला लावतो आणि दहावी कुणालाच नाही.

'अंगठेबहाद्दर' या शब्दाची गंमत तर वेगळीच. अंगठा ही निरक्षराची खूण, असं आपण धरून चालतो. पण हाताच्या ठशाचा सरकारी कामात पद्धतशीर वापर सुरू केला तो शिकल्यासवरल्या साहेबानं. १८५८ मध्ये बंगालात विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं एका करारावर कंत्राटदाराच्या तळहाताचा ठसा घेतला. का? तर माणूस पुढे सही नाकारू शकतो, ठसा कसा नाकारणार? म्हणजे सहीपेक्षा ठसा भरवशाचा म्हणून तो आला. पुढे २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत पहिली आधार कार्डं दिली गेली, आणि आता सिम कार्डापासून ऑफिसच्या हजेरीपर्यंत आपण सगळेच अंगठेबहाद्दर आहोत. फरक एवढाच, की कीबोर्डवर बसणाऱ्याचा अंगठा मशीनला चटकन ओळखू येतो. माती-सिमेंटात आयुष्य घालवलेल्याच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. रेशनच्या दुकानात त्याचा ठसा जुळत नाही तेव्हा मशीन सांगतं, पुन्हा प्रयत्न करा. कमी पडलं मशीन, आणि पुन्हा प्रयत्न करायचा कुणी? तर त्या माणसानं.

आता जरा आमच्या जिल्ह्यातला मोठा किस्सा.

२००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मिथोमिल या कीटकनाशकाचे अंश सापडले आणि युरोपच्या बाजाराला हादरा बसला. त्यातून अपेडाची ग्रेपनेट ही व्यवस्था उभी राहिली. निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंदणी, प्रत्येक फवारणीची नोंद, काढणीआधी नमुना, प्रयोगशाळेचा अहवाल, आणि मगच माल कंटेनरमध्ये. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत भागातल्या ज्या माणसाला आपण अडाणी म्हणतो, तो हे सगळं कागदोपत्री सांभाळायला लागला. कुठलं औषध काढणीच्या किती दिवस आधी थांबवायचं, हे त्याला पाठ झालं.

आणि २०१० मध्ये पुन्हा फटका बसला. या वेळी क्लोरमेक्वाट क्लोराइड, बागेतल्या भाषेत सीसीसी. वेलीची फाजील वाढ आवरून घडाला जोर मिळावा म्हणून वापरायचं हे संजीवक. ते दुकानात उघड मिळायचं आणि वर्षानुवर्षं वापरात होतं. युरोपात तेव्हा त्याची मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. माल तिकडे पोहोचल्यावर तपासणीत जास्त निघालं, कंटेनर अडकले, पैसे बुडाले.

तेव्हाही ऐकू आलं आणि अजून शहरातल्या गप्पांमध्ये ऐकू येतं, "शेतकरी अडाणी, वाट्टेल ती औषधं मारतात." आता नीट बघा. ज्या यादीप्रमाणे आपल्याकडे निर्यातीचे नमुने तपासले जात होते, त्या यादीत सीसीसी नव्हतंच! म्हणजे यादी करणाऱ्यांनी ते धरलं नव्हतं, प्रयोगशाळांनी शोधलं नव्हतं आणि निर्यातदारांनी विचारलं नव्हतं. शेतकऱ्यालाही माहीत नव्हतं. एकच गोष्ट चार जणांना माहीत नव्हती. त्यातल्या तिघांच्या अज्ञानाला 'सिस्टीममधली त्रुटी' म्हणतात, आणि चौथ्याच्या अज्ञानाला 'अडाणीपणा'.

माझा आक्षेप आहे तो इथे. शब्द टोचतो की नाही हा प्रश्न नंतरचा. शब्द दोष कुठे नेऊन ठेवतो, तो प्रश्न आधीचा. अज्ञान सगळीकडे सारखं पसरलेलं असतं, पण अज्ञानाचं नाव एकाच बाजूला चिकटतं. आणि दुरुस्ती मात्र शेवटी करावी लागली ती यादीतच.

आमच्या धंद्यातही हेच चालतं. द्राक्ष बागाईतदारांसाठी ॲप करायच्या एका प्रोजेक्टची गोष्ट मला जवळून माहीत आहे (कंपनीचं नाव सांगत नाही, आणि विचारूही नका). पहिल्याच मीटिंगमध्ये ठरलं, की युजर अडाणी आहे, तेव्हा तीन मोठी बटणं, चित्रं आणि कॅलेंडर एवढं पुरे. ॲप झालं, दिसायलाही देखणं झालं. पण वापरेना कुणी. निष्कर्ष तयारच होता, 'फार्मर अजून टेक-सॅव्ही नाही.' खरं कारण एका बागाईतदारानं चहा पिता पिता सांगितलं. द्राक्षाच्या बागेत कुणी तारखेनं विचारच करत नाही. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी. आणि छाटणी झाली की तिथून दिवस मोजायचे. अमक्या दिवशी फेलफुटी काढायच्या, अमक्या दिवशी विरळणी, अमक्या दिवशी जीएचं डिपिंग. एकाच माणसाचे तीन प्लॉट तीन वेगळ्या दिवशी छाटलेले असतात, म्हणजे त्याच्या डोक्यात तीन घड्याळं एकदम चालू असतात. आणि आपण त्याला दिलं भिंतीवरचं कॅलेंडर! डेटा मॉडेल त्याच्याकडे तयार होतं, आपल्यापेक्षा बरं होतं. पण अडाणी माणसाला रिक्वायरमेंट कोण विचारणार?

तेव्हा 'बोलायची पद्धत असते' हे म्हणणं खोटं आहे. त्या पद्धतीनं ॲप बुडतात.

आणि पगारही ठरतात. किमान वेतनाच्या तक्त्यात कामगारांचे वर्ग असतात, अकुशल, अर्धकुशल, कुशल. १९७७ च्या महाराष्ट्राच्या रोजगार हमी कायद्यात 'अकुशल काम' हाच शब्द आहे, २००५ च्या केंद्राच्या कायद्यातही तोच होता. पेठ-सुरगाण्याकडून द्राक्षाच्या हंगामाला दिंडोरी-निफाडला ज्या टोळ्या येतात, त्यातली बाई काडीवरचा कुठला डोळा ठेवायचा आणि कुठला उडवायचा हे एका नजरेत ठरवते. विरळणी करताना घडातले कुठले मणी कात्रीनं काढायचे, तेही तसंच. चुकली तर वर्षाचं पीक गेलं. मला आठ दिवस शिकवूनही ते जमणार नाही. पण समाजाच्या लेखी अकुशल ती, आणि कुशल मी. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत दहा वर्षं मशीन चालवणारे 'हेल्पर' भेटतात. नाव बदललं तर पगार बदलावा लागेल, म्हणून नाव बदलत नाही.

याच्या उलट उदाहरणंही आपल्याच राज्यातली आहेत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'नं गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. न्यूमोनिया आणि जंतुसंसर्ग ओळखणं, गरज पडल्यास इंजेक्शन देणं, सगळं. त्यांना नाव दिलं 'आरोग्यदूत'. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले, ३९ गावांत नवजात बालकांचा मृत्युदर तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांशी ताडून पाहता, ६२ टक्क्यांनी घटला. नुसत्या नावानं बाळं वाचली असं मी म्हणत नाही, प्रशिक्षणानं वाचली. पण 'या अडाणी बायका काय इंजेक्शन देणार' असं म्हणून जर तिथेच फाइल बंद केली असती, तर प्रशिक्षणापर्यंत गोष्ट गेलीच नसती. (पुढे देशभर 'आशा' आल्या. त्यांना मात्र आपण 'स्वयंसेविका' म्हणतो आणि पगाराऐवजी 'मानधन' देतो. नावात काय आहे म्हणणाऱ्यांनी हा हिशोब करून बघावा.)

गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोलकर यांनी सांगली-तासगावकडच्या द्राक्षवाल्यांना घेऊन जी चळवळ उभारली, तिचं नाव होतं 'प्रयोग परिवार'. ना 'शेतकरी मार्गदर्शन', ना 'अडाण्यांसाठी सोपी शेती'. जो प्रयोग करतो आणि दुसऱ्याला सांगतो तो परिवारातला, डिग्री कुणी विचारत नाही.

आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. शाळा तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. १९८३ च्या सुमारास शेतात भाताच्या काही लोंब्या वेगळ्या दिसल्या, त्या त्यांनी बाजूला ठेवल्या, वर्षानुवर्षं निवडत नेल्या आणि त्यातून बारीक तांदळाचं जे वाण निघालं त्याला तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळावरून नाव पडलं, 'एचएमटी'. पुढे कृषी विद्यापीठानं ते शुद्ध करून 'पीकेव्ही एचएमटी' म्हणून आणलं आणि श्रेयावरून वाद झाला. २००५ मध्ये त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते पुरस्कार मिळाला, २०१८ मध्ये ते हलाखीतच गेले. आता सांगा, हे काम शास्त्रज्ञाचं की अडाण्याचं? निरीक्षण, निवड, पुनरावृत्ती, नोंद. पण शास्त्रज्ञाला जे मिळतं ते मिळालं नाही, कारण 'शेतकरी' या लेबलाखाली 'पैदासकार' हा रकानाच नव्हता.

आता विरुद्ध बाजूचे दोन मुद्दे. ते टाळले तर हा लेखच एकतर्फी होईल.

पहिला, "मग सगळ्यांनाच तज्ज्ञ म्हणायचं का? उद्या व्हॉट्सॲपवर वाचून कुणीही लसीवर बोलेल." अजिबात नाही. ज्याला येत नाही त्याला येत नाही, आणि ते स्पष्ट सांगायलाच हवं. माझ्या हृदयाचं ऑपरेशन मला हृदयाच्या डॉक्टरकडूनच हवंय, प्रयोगशील बागाईतदाराकडून नकोय. पण न कळता मत ठोकणाऱ्यासाठी मराठीत वेगळे आणि फर्मास शब्द आहेत, गाजरपारखी, दीडशहाणा, उंटावरचा शहाणा. ते सगळे आव आणणाऱ्यासाठी आहेत. प्रामाणिकपणे 'मला हे कळलं नाही' म्हणणाऱ्यासाठी नाहीत. आपली गल्लत ही होते, की विचारणाऱ्याला अडाणी म्हणतो आणि आव आणणाऱ्याला टीव्हीवर बोलावतो.

दुसरा मुद्दा, "ठीक आहे, मग सभ्य शब्द वापरू." हा तर जास्त धोक्याचा. 'अडाणी' काढून 'नॉन-टेक्निकल स्टेकहोल्डर' लिहिलं की एचआर खूश, पण ऐकत कुणीच नाही. उलट 'अडाणी' म्हटलं तर निदान समोरचा भांडायला तरी उठतो. 'सामान्य माणूस' हा आपला सगळ्यात सभ्य शब्द. आर. के. लक्ष्मण यांनी १९५१ पासून जो कॉमन मॅन काढला, तो धोतर आणि चौकड्यांच्या कोटातला माणूस सगळीकडे हजर असतो, मंत्री बोलतात, अधिकारी बोलतात, तो मात्र एक अक्षर बोलत नाही. लक्ष्मणना ते नेमकं दिसलं होतं. आपण त्याचे पुतळे उभारले.

ज्याचं ऐकत नाहीत त्याचं काय होतं, याचं आपल्या धंद्यातलं सगळ्यात भयानक उदाहरण ब्रिटनचं आहे. तिथल्या पोस्ट ऑफिसनं १९९९ पासून 'होरायझन' नावाची सॉफ्टवेअर प्रणाली बसवली. गावोगावचे पोस्ट चालवणारे लोक सांगू लागले, की हिशोब जुळत नाही, मशीन काहीतरी चुकतंय. त्यांना ऐकवलं गेलं, अशी तक्रार तुमची एकट्याचीच आहे. कॉम्प्युटर कसा चुकेल? त्यापुढे खटले. नऊशेहून जास्त माणसं दोषी ठरली, काही तुरुंगात गेली. प्रणालीत दोष होते हे न्यायालयानं २०१९ मध्ये मान्य केलं आणि २०२४ मध्ये कायदा करून शेकडो शिक्षा रद्द कराव्या लागल्या. ते लोक प्रोग्रॅमर नव्हते. पण आपल्या गल्ल्यात संध्याकाळी किती पैसे असायला हवेत, याचे जगातले एकमेव तज्ज्ञ तेच होते.

थोडक्यात काय, तर 'तज्ज्ञ' आणि 'अडाणी' असे माणसांचे दोन प्रकार नसतात, विषयांचे असतात. प्रत्येक माणूस बहुतेक विषयांत अडाणी आणि एखाद्या विषयात पक्का असतो. लेबल लावायचंच असेल तर विषयाला लावा, आणि पेन्सिलीनं लिहा.

असो. सोमवारी ऑफिसला गेलात की एक करून बघा. 'युजर एरर' असं कारण लिहून बंद केलेली शेवटची दहा तिकिटं उघडा. त्या दहा जणांना फोन करा आणि विचारा, तुम्ही नक्की काय करायला गेला होतात? समजावू नका, फक्त ऐका आणि लिहून घ्या. दहातली किती तिकिटं पुन्हा उघडावी लागतात, ते मला पुढच्या शनिवारी सांगा.